सफरचंदांच्या बागेतला अर्धा क्षण

अमेरिकेहून परतलेल्या माणसाकडून ज्या गोष्टी ऐकायच्या असतात, त्यांपैकी फारच थोड्या माझ्याजवळ आहेत. मी नायगारा पाहिला नाही; न्यूयॉर्कच्या इमारतींखाली मान दुखेपर्यंत उभी राहिले नाही. सत्त्याऐंशी सालच्या एप्रिल अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत मी त्या देशाच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, धाकट्या भावाच्या घरी राहिले आणि त्यातला बराच वेळ एका जुन्या लाँड्रीत काढला. सांगलीच्या महाविद्यालयात पंचवीस वर्षे गणित शिकवणाऱ्या, एकोणपन्नास वर्षांच्या, चारचौघांत बोलायचे म्हटले की अजूनही घसा कोरडा पडणाऱ्या बाईने तिथे एका जपानी गुरूंकडे पडायला शिकावे, हे मला स्वतःलाच पुरते खरे वाटत नाही. ते कसे घडले आणि त्यात माझ्या हातून काय राहून गेले, एवढेच इथे सांगायचे आहे.

रेडमंड

माझा भाऊ श्रीकांत विमाने बांधणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याचे घर रेडमंड नावाच्या गावात. झाडांच्या दाटीत कॉम्प्युटरच्या एका कंपनीची बुटकी कार्यालये नुकतीच उभी राहिली होती, पण काही घरांच्या मागे अजून घोडे चरताना दिसत. पाऊस असा की पडतो आहे हे कळू नये आणि तासाभराने पदर मात्र चिंब असावा. तिथे रस्त्याने पायी जाणारे माणूस संकटात सापडलेले समजतात. पहिल्या आठवड्यात मी पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेले, तेवढ्यात दोन गाड्या थांबल्या आणि मला काही मदत हवी का, असे विचारून गेल्या. त्यानंतर मी चालणे सोडले.

श्रीकांतची मुलगी मीनल तेव्हा सतरा वर्षांची होती. जन्म तिथलाच. आईवडिलांनी मराठीत विचारावे, तिने इंग्रजीत उत्तर द्यावे, अशी त्या घराची रीत होती. माझ्याशी मात्र ती धडपडत मराठी बोले. आठवड्यातून तीन संध्याकाळी ती आयकिडो शिकायला सिअ‍ॅटलला जाई. गाडी चालवण्याचा परवाना नवा होता, वाटेत तळ्यावरचा तरंगता पूल होता आणि सुनंदाचा, म्हणजे माझ्या भावजयीचा, जीव टांगणीला लागे. म्हणून सोबत कोणी जावे, तर मी.

“ताई, तू नुसती बाजूला बस,” श्रीकांत म्हणाला. “ब्रेक मारायला सांगू नकोस म्हणजे झालं.”

जुनी लाँड्री

आयकिडो म्हणजे कराटेसारखी हाणामारी असावी, असा माझा समज होता. तसे ते नाही. दोघांच्या जोडीत एक जण हल्ला करतो, म्हणजे दुसऱ्याचे मनगट धरतो किंवा त्याच्यावर हात उगारतो. दुसरा त्याला अडवत नाही, उलट मारत नाही. त्याच्याच जोराला वळण देऊन त्याला खाली घालतो. थोडक्यात, एक पाडणारा, एक पडणारा, आणि थोड्या वेळाने भूमिका बदलायच्या. पडणाऱ्याने प्रामाणिकपणे धरायचे, हा त्यातला मुख्य नियम. धरणेच खोटे असेल तर पाडणेही खोटे ठरते आणि दोघेही काही शिकत नाहीत.

सरावाची जागा, दोजो, पूर्वी लाँड्री होती. भिंतींवर वाफेचे डाग होते. आत शिरताना पायताणे काढून त्यांची टोके दाराकडे वळवून ठेवायची. सरावाआधी सर्वांनी, अगदी जुन्या शिष्यांनीसुद्धा, ओल्या फडक्याने चटया पुसायच्या. त्या देशात बूट घालून पलंगावर पाय ठेवणारी माणसे मी पाहिली होती. इथे आल्यावर मला माझ्या आईचे स्वयंपाकघर आठवले.

गुरूंना सगळे सेन्सेई म्हणत. तेव्हा त्यांचे वय एकोणऐंशी होते. अंगाने माझ्यापेक्षाही बारीक, डोक्यावर पांढरे खुरटे केस, पांढऱ्या पोशाखावर काळा, घोळदार, चुण्यांचा, घागऱ्यासारखा हाकामा. त्यांचे नाव मी लिहीत नाही. ते हयात असते तर त्यांना ते आवडले नसते, आणि माझ्याकडून त्यांचे नावडते आणखी काही घडू नये, असे वाटते.

तीन आठवडे मी भिंतीलगतच्या बाकावर बसून पाहत होते. चौथ्या आठवड्यात बाकावर माझ्या जागी एक घडी केलेला पांढरा पोशाख ठेवलेला होता. सेन्सेई दुसरीकडेच पाहत होते. नाही म्हणायला मोठ्याने बोलावे लागले असते, म्हणून मी तो उचलला आणि आत जाऊन घातला. आयुष्यात पहिल्यांदाच पायांत विजार. बाहेर आले आणि सगळे वळून माझ्याकडे पाहू लागले. मीनल धावत आली. मी सदऱ्याची उजवी बाजू डाव्या बाजूवर घेतली होती आणि जपानात तसे फक्त प्रेताला नेसवतात. मेल्याहून मेल्यासारखे होणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी शब्दशः कळले. सेन्सेई मात्र हसले. मी कसेबसे सांगितले की, आमच्याकडेही श्राद्धाच्या वेळी जानवे उलट्या खांद्यावर घेतात. हे त्यांना फार आवडले. त्यांनी माझ्याकडून ते हातवाऱ्यांसह दोनदा करून घेतले.

त्यानंतर मी दर खेपेला पडत होते, आणि वाईट पडत होते. गुडघे काळेनिळे झाले. सुनंदा रात्रीच्या जेवणाला बसताना माझ्या चालीकडे बघे आणि श्रीकांतला आणि मुलीला टोमणे मारी. मला मात्र लाजत लाजत सुख होत होते. आयुष्यभर मी फळ्यासमोर उभी राहिले; चुकण्याची मुभा असलेली जागा मला पहिल्यांदाच मिळाली होती.

याच दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ती मी मीनलला तरंगत्या पुलावर सांगितली. सेन्सेईंचा सर्वांत जुना शिष्य वॉल्टर, दाढीवाला, दाराएवढा उंच सुतार, त्यांच्याकडे वीस वर्षे शिकत होता. प्रात्यक्षिकाला सेन्सेई त्यालाच बोलावत. तो धावून येई, मनगट धरी आणि सुरेख कोलांटी घेऊन पलीकडे पडे. पण सेन्सेईंचा हात वळण्याआधीच वॉल्टरची टाच उचललेली असे. बाकीच्यांचेही तेच. जे विद्यार्थी उत्तर आधी लिहितात आणि पायऱ्या नंतर भरतात, त्यांना पकडण्यात माझी पंचवीस वर्षे गेली आहेत. मला ते दिसल्यावाचून राहीना.

मीनलने गाडी कडेच्या रांगेत घेतली. मग म्हणाली, “आत्या, लास्ट विंटरपासून त्यांची हिप खराब आहे. एव्हरीबडी नोज. पण कोणी बोलत नाही, ओके? तूपण नको बोलू.”

मी बोलणार नव्हतेच. न बोलणे मला चांगले जमते.

घाटापलीकडे

ऑगस्टमध्ये दोजोचे आठवडाभराचे शिबिर असे. ते याकिमाच्या खोऱ्यात, एका जपानी कुटुंबाच्या सफरचंदांच्या बागेत होई. वॉल्टरच्या मोठ्या गाडीत पुढे सेन्सेई, मागे मीनल आणि मी. सुनंदाने पोळ्यांची चळत आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती. सेन्सेईंनी भाताचे मुटके आणले होते, प्रत्येकाच्या पोटात एक खारवलेले आंबट फळ. चव थेट आपल्या मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची. मी पिशवीतून मेतकूट काढून त्यांच्या भातावर भुरभुरले. त्यांनी डोळे मिटून खाल्ले आणि डबा आपल्या मांडीवर ठेवून घेतला. वॉल्टर म्हणाला की, बाई, तो डबा आता गेला असे समजा.

तो प्रवास मला फार ओळखीचा वाटला. पश्चिमेला ओली, हिरवी, देवदारांनी भरलेली उतरण, घाट चढावा, शिखरावर ढग मागे राहावेत आणि पलीकडे उतरताच कोरडी, पिवळी, उघडी टेकाडे. कोकणातून आंबा घाटाने देशावर यावे तसे. फक्त इथे खोऱ्यात कालव्यांच्या पाण्यावर सफरचंदांच्या ओळीच ओळी होत्या, आणि हिरव्या फळांच्या भाराने वाकलेल्या फांद्यांना आपल्याकडच्या बांबूंऐवजी लाकडी टेके लावलेले होते.

सेन्सेईंची हकिकत वॉल्टरने वाटेत सांगितली. ते स्वतः पुढे बसून खिडकीबाहेर पाहत होते, जणू दुसऱ्या कोणाविषयी चालले आहे. जन्म जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या गावात. विशीत गुरूंकडे राहून शिकले. मग युद्ध आले आणि त्याने त्यांचे दोन भाऊ आणि काही वर्षे नेली. त्या वर्षांबद्दल ते कधीच बोलत नसत. एकोणीसशे पन्नासच्या दशकात नात्यातल्या कोणाच्या ओळखीने ते या बागेत फळे तोडायला आले. बागेच्या मालकांना युद्धात अमेरिकन सरकारने, केवळ ते जपानी म्हणून, कुटुंबासह छावणीत डांबले होते. ते परत आले तेव्हा अर्धी झाडे वाळून गेलेली होती. सेन्सेई तोडणीवाल्यांच्या खोपटात राहत आणि संध्याकाळी भुसा भरलेल्या पोत्यांवर तिघाचौघांना शिकवत. पुढे सिअ‍ॅटलला गेले. दिवसा लोकांच्या बागा राखायच्या, संध्याकाळी शिकवायचे. पत्नी वारली, मूल नव्हते. वॉल्टर म्हणाला, “त्यांनी आम्हाला वरच्या दर्जाचे पट्टे कमी दिले आणि झाडं कशी छाटायची ते जास्त शिकवलं.”

पुढच्या आसनावरून, मान न वळवता, सेन्सेई म्हणाले, “वॉल्टर झाड वाईट छाटतो.”

बागेत

सराव झाडांच्या रांगांमधल्या गवतावर, ताडपत्र्या अंथरून होई. मोकळ्यावर सेन्सेई पाडत होते आणि शिष्य पूर्वीसारखेच आधी उडत होते. ऊन कडक, सोलापूरच्या बाजूचे. पहाटे मात्र स्वेटर लागे.

चौथ्या दिवशी सकाळी मला लवकर जाग आली आणि मी सूर्य वर येत असताना बागेत फिरायला गेले. पाण्याचे फवारे नुकतेच बंद झाले होते. एका झाडाखाली सेन्सेई सरावाच्या पोशाखात उभे होते आणि फांदीवरची खुरटलेली फळे काढून टाकत होते. मी मागे वळणार होते. त्यांनी हाक मारली. त्यांचे इंग्रजी तुटक होते, म्हणून ते थोडेच बोलत आणि प्रत्येक शब्दाआधी थांबत.

त्यांनी विचारले की, मी काय शिकवते. गणित, मी म्हटले. विद्यार्थ्याला समजले हे कसे ओळखता? परीक्षा घेऊन. परीक्षेत कोणाला गुण वाढवून देता का?

“नाही,” मी म्हणाले. हे मी थोड्या अभिमानाने म्हणाले असेन. एका मार्काने नापास झालेली मुले माझ्या दाराशी रडली आहेत. प्राचार्यांनी शब्द टाकून पाहिला आहे. मी कधी अर्धा गुणही वाढवलेला नाही.

“चांगलं,” ते म्हणाले. “तुम्ही तीन आठवडे बाकावर होता. सगळे माझ्या हाताकडे बघतात. तुम्ही त्यांच्या पायांकडे बघत होता.”

मी पायांखालच्या ओल्या गवताकडे पाहिले.

“ते माझ्यावर प्रेम करतात,” ते म्हणाले. “म्हणून मला कळत नाही. माझ्याकडे अजून काही आहे की संपलं. त्यांना विचारलं तर ते आहे म्हणतील. तुम्ही नवीन आहात. तुम्हाला सुंदर पडता येत नाही.” आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. “रस्ता ओलांडताना लहान मुलाचं मनगट धरतात, तसं धरा. मुलाला सोडायचं नाही.”

मी त्यांचे मनगट धरले.

ते कोरडे आणि हलके होते, आणि त्यावरची नाडी माझ्या अंगठ्याखाली सावकाश चालत होती. गवत ओले होते. मनात आले, हे घसरले, यांचा तोल गेला, कमरेचे हाड मोडले तर? मग वाटले, मी घट्ट उभी राहिले आणि काहीच घडले नाही, तर यांना ते आपल्या डोळ्यांनी पाहावे लागेल. आमचे वडील शिक्षक होते. त्यांच्या अंगाला चुकून पाय लागला तरी आम्ही वाकून नमस्कार करत असू; म्हाताऱ्या माणसासमोर, त्यातही गुरूसमोर, पाय रोवून उभे राहायचे, हे मला कोणी कधी शिकवले नव्हते. हे सारे सांगायला जेवढा वेळ लागला, तेवढाही तिथे नव्हता. त्यांचे मनगट माझ्या पकडीत किंचित वळले. माझ्या कोपरातून खांद्याकडे काहीतरी सरकले, डाव्या पायाखालची जमीन जराशी कलंडल्यासारखी वाटली, आणि ते नीट कळायच्या आत मी पडले.

माझ्या आयुष्यातले ते पहिले सुंदर पडणे होते. गुडघा लागला नाही, श्वास अडकला नाही. गवतावरून मी वॉल्टरसारखी गोल फिरले आणि उठून बसले.

सेन्सेई हात तसाच पुढे धरून उभे होते. “कोणी पाडलं?” त्यांनी विचारले.

“तुम्ही, सेन्सेई.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. मग हात जोडून नव्हे, जपानी रीतीने, दोन्ही हात मांड्यांना लावून ते कमरेत खोल वाकले आणि धन्यवाद म्हणाले. पुन्हा फांदीकडे वळले.

त्या दिवशी सरावाला ते हाकामा न घालताच आले. तो त्यांच्या हातावर नीट घडी करून ठेवलेला होता. तो त्यांनी वॉल्टरच्या हातात दिला आणि ते झाडाखालच्या खुर्चीवर जाऊन बसले. वॉल्टरने शिकवले. सेन्सेई अधूनमधून एखादा शब्द बोलत. सगळ्यांना वाटले, उन्हाचा त्रास होत असेल. मीनलने मला विचारले, मी खांदे उडवले. त्या आठवड्यात ते पुन्हा उठले नाहीत, आणि पुढेही कधी त्यांनी कोणाला आपले मनगट धरायला दिले नाही.

मी गणिताची बाई आहे, म्हणून हे नेमके मांडते. त्यांच्यात काही उरले नव्हते म्हणून मी पडले, असे मी म्हणू शकत नाही. उरले होते म्हणून पडले, असेही नाही. तो तोल खरोखर जात होता की मीच सोडत होते, हे ठरायला आणखी अर्धा क्षण लागला असता. तेवढा मी त्यांना दिला नाही. कोणाला कधी न दिलेले गुण मी ज्याने मागितले नव्हते त्याला देऊन टाकले, आणि त्यांनी त्यावरून स्वतःला नापास ठरवले.

निघताना

परतण्याच्या दोन दिवस आधी मी मीनलला सेन्सेईंच्या घरी न्यायला सांगितले. वाक्ये घोकून ठेवली होती. ते मागच्या अंगणात कुंड्यांमध्ये माती भरत होते. खिडकीत मेतकुटाचा डबा दिसत होता, धुतलेला, रिकामा. मीनल गाडीतच थांबली. मी उभ्या उभ्याच सांगून टाकले की, त्या सकाळी मी आधी पडले.

“हो,” ते म्हणाले. “कळलं होतं.”

मग पुन्हा धरू का, मी विचारले. या वेळी नीट धरेन. माझा आवाज इतका लहान झाला होता की, ते मला दुसऱ्यांदा विचारावे लागले.

त्यांनी मातीने भरलेले हात वर करून दाखवले आणि हसले. “आज तुम्ही फार घट्ट धराल. लाज वाटते म्हणून. ते पण खरं नाही.” नंतर त्यांनी मला एक कुंडी धरायला दिली, दुसऱ्या हाताने रोप त्यात बसवले आणि माझ्या बोटांवरून माती दाबली. आम्ही बराच वेळ तेच करत होतो. परत जाताना मीनलने विचारले, “काय म्हणाले?” मी म्हटले, झाडे लावत होते. ते खोटे नव्हते, एवढेच.

पुढच्या हिवाळ्यात सेन्सेई गेले. मीनलने सांगलीला पत्र पाठवले, मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि बहुतेक शब्द बरोबर. दोजोतर्फे सेन्सेईंच्या आठवणींची एक पुस्तिका निघणार आहे, सगळे लिहिणार आहेत, आत्या, तूपण चार ओळी पाठव, वॉल्टरने खास सांगितले आहे, असे त्यात होते.

मी पाठवल्या. याकिमाच्या बागेत एका सकाळी सेन्सेईंनी मला एकटीला शिकवण्याची कृपा केली आणि त्यांच्या हाताचा स्पर्श होताच मी कशी पडले ते कळलेही नाही, असे मी लिहिले. पुस्तिका छापून आली. त्या ओळी पहिल्या पानावर, त्यांच्या छायाचित्राखाली आहेत. वॉल्टरने कळवले की, शेवटच्या वर्षातही सेन्सेई काय होते याचा तोच पुरावा आहे आणि नव्या मुलांना तो उतारा वाचून दाखवतात.

त्या चार ओळींतही मी आधीच पडले होते. हे मी अजून मीनललाही सांगितलेले नाही. ती आता नवशिक्यांना पडायला शिकवते. मराठी तिला सावकाश वाचता येते. हे लिहिलेले तिच्यापर्यंत पोहोचले, तर तिने ते वॉल्टरला इंग्रजीत वाचून दाखवावे, माझ्यासाठी काही मऊ न करता.